एकाच पाण्यावरची दोन शिक्षणे

(प्रस्तावना)

मार्चअखेरीस कर्जत तालुक्यातून जाताना माथेरानचे डोंगर पिवळे पडलेले दिसतात. वरकस जमिनींवर नाचणी-वरीची धसकटेही उरलेली नसतात. पण राजनाल्याच्या कालव्याखाली आलो की खाचरांत भात उभे असते, हिरवेगार, काही ठिकाणी निसवायला लागलेले. कोकणात भात म्हणजे पावसाळ्याचे पीक. ते उन्हाळ्यात उभे आहे म्हणजे कुठून तरी पाणी आलेले आहे. हे पाणी आदल्या आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या माथ्यावर, आंध्रा नदीच्या खोऱ्यात पडलेले. ठोकरवाडीच्या धरणाने ते अडवले, मोठाल्या नळांतून ते घाटाखाली उतरले, भिवपुरीच्या वीजघरातली चाके फिरवून बाहेर पडले आणि राजनाल्याची वाट धरून खाचरात आले. चाकांनी पाण्यातला जोर तेवढा घेतला. पाणी भातासाठी शिल्लक राहिले.

दहावीचा निकाल लागला की इथल्या घराघरांत एक प्रश्न येऊन बसतो: गणित ठेवायचे की बायो? दोन वर्षांनी तोच प्रश्न मोठा होऊन परततो: इंजिनिअरिंगला जायचे की जीवशास्त्राच्या वाटेला लागायचे? ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली मुले आणि त्यांचे आईबाप डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. सुरुवात पाण्यापासून केली, त्याला कारण आहे. या दोन्ही विद्या आपल्या भागात शंभराहून अधिक वर्षे शेजारणींसारख्या नांदल्या आहेत. आपली मुले मात्र त्यांच्या मधल्या रस्त्याने रोज शाळेत जातात आणि त्यांच्याकडे नीट न बघताच फॉर्म भरतात.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवले. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी विचारायचो, "हा विषय का घेतलात?" सर्वांत जास्त मिळालेले उत्तर होते, "सर, गणित झेपत नाही." पलीकडच्या वर्गातली मुले सांगत, "बायोत पाठांतर फार, आणि रक्त बघवत नाही." दोन्ही उत्तरे खरी होती, प्रामाणिक होती. पण त्या उत्तरांत मूल कशाकडे चालले आहे ते कुठेच नव्हते. कशापासून पळते आहे तेवढेच होते. म्हणून इथे आधी या दोन विद्या प्रत्यक्षात काय करतात ते आपल्याच गावांतून दाखवतो, आणि मग निवडीकडे येतो.

इंजिनिअरिंगची ओळख आपल्याकडे घाटाने करून दिली. बोरघाटातल्या रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढून गेली. कडा फोडताना, बोगदे खणताना आणि साथीच्या रोगांत हजारो मजूर दगावले. घाटाच्या कौतुकाबरोबर हेही मुलांना सांगितले पाहिजे. घाटाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका कडक आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत स्टेशनात मागून बँकर इंजिने लागतात. प्रवासी बटाटेवडा घेईपर्यंत ती लागतात आणि गाडी निघते. किती इंजिने लावायची हे कोणी अंदाजाने सांगत नाही. गाडीचे वजन, चढ, रुळावर चाकाची पकड, पावसात ती किती कमी होते, हे सगळे आधीच मोजलेले असते.

दुसरा धडा खोपोलीचा. लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस स्वभावाने पूर्वेला जातो. इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला मिळतो. कोणाच्या तरी डोक्यात आले की हेच पाणी माथ्यावर अडवून पश्चिमेला सोडले, तर ते सुमारे ५०० मीटर खाली कोसळेल आणि त्या कोसळण्यातून वीज काढता येईल. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. यात इंजिनिअरिंगचा सगळा गाभा आहे. उंची जास्त असेल तर थोडे पाणीही पुरते. पाण्याची धार बारीक तोंडातून सोडून चाकाच्या वाट्यांवर आदळवली की चाक फिरते. नळ किती जाड हवा हे त्याच्या तळाशी असलेल्या दाबावर ठरते. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेले पाणी पाताळगंगेत जाते आणि पुढे रसायनीच्या कारखान्यांच्या कामी येते. भिवपुरीचे पाणी खाचरे भिजवते आणि उल्हास नदीत उतरून खालच्या शहरांची तहान भागवते.

आता दुसऱ्या शेजारणीकडे वळू. कर्जतला भातावरचे संशोधन १९१९ पासून चालू आहे. म्हणजे भिवपुरीची वीज यायच्या आधीपासून इथे कोणीतरी ओंब्या मोजत बसले होते. आज हे केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. हळव्या भाताचे कर्जत ३, निमगरव्याचे कर्जत ५, गरव्याचे कर्जत २ ही नावे आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. आपल्या तालुक्याचे नाव बियाण्याच्या पिशवीवर कुठे कुठे पोहोचले आहे, हे इथल्या मुलाला ठाऊक असायला हवे.

हे काम कसे चालते? भाताचे फूल स्वतःचे स्वतःच फळते. ते सकाळी उशिरा थोडाच वेळ उमलते, आणि तेवढ्यात परागकण आपल्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतात. दोन वाणांचा संकर करायचा तर फूल उमलण्याआधी तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या फुलातले सहा पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात, वर पिशवी चढवावी लागते आणि दुसऱ्या वाणाचे पराग वेळेत आणून झटकावे लागतात. त्यातून मूठभर दाणे मिळतात. पुढच्या पिढीत रोपांत सगळी सरमिसळ होते: एक उंच, एक बुटके, एक करप्याला बळी पडणारे, एक तग धरणारे. त्यांतून निवडत, पुन्हा पेरत, पुन्हा निवडत सहा-आठ पिढ्या गेल्या की वाण स्थिर होतो. मग निरनिराळ्या ठिकाणी चाचण्या. वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. उन्हाळ्यात पाणी असेल तर वर्षात दोन पिढ्या घेता येतात आणि ही वाट बरीच छोटी होते. धरण आणि बियाणे यांचे नाते इतके जवळचे आहे.

संकरित भात हा याच्याही पुढचा टप्पा. त्यासाठी प्रत्येक फुलाचे पुंकेसर हाताने काढणे अशक्य. म्हणून ज्याचे पराग जन्मतः वांझ आहेत असे भात मातेसाठी वापरतात. चीनमध्ये १९७० साली हायनान बेटावर सापडलेल्या अशा एका रानटी भातापासून ही विद्या वाढली. कर्जतच्या केंद्राने १९९८ मध्ये 'सह्याद्री' हा संकरित भात दिला. संकरिताचे बी दरवर्षी नवे का घ्यावे लागते, हे आपल्याकडचा प्रत्येक शेतकरी विचारतो. घरचे बी पेरले तर पुढच्या पिढीत तीच सरमिसळ पुन्हा उफाळते, हे त्याचे उत्तर. हा आनुवंशिकतेचा पाठ आहे, आणि तो पुस्तकाआधी शेतात शिकता येतो.

इथवर आल्यावर मला जे सांगायचे आहे ते सांगतो. या दोन विद्यांमधला खरा फरक गणित आणि पाठांतर असा नाही. फरक आहे तो बदलाकडे बघण्याचा.

इंजिनिअरला त्याच्या वस्तूत बदल नको असतो. नळाचे पोलाद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे हवे, हजाराव्या बोल्टचा आटा पहिल्यासारखाच हवा. जे नेमके सांगता येत नाही त्यासाठी तो हिशेबात जादा बळ धरून ठेवतो. जीवशास्त्राच्या माणसाला बदल हाच कच्चा माल असतो. शंभर रोपे हुबेहूब सारखी निघाली तर त्याला निवडायला काही उरत नाही. एकच औषध दोन रुग्णांना वेगळे लागू पडते, एकाच खाचरातल्या दोन कोपऱ्यांत खोडकिडा वेगळा लागतो, आणि त्याला त्या वेगळेपणातच उत्तर शोधायचे असते.

यातून काळही वेगळा येतो. वीजघराचे चाक फिरले की नाही ते त्याच दिवशी कळते. निवडलेले रोप बरोबर होते की नाही ते कळायला कधी कधी अर्धे आयुष्य लागते. चुकाही वेगळ्या. इंजिनिअरची चूक एका रात्रीत कोसळते आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकलेले नाही अशा लोकांवर कोसळते. जीवशास्त्राची चूक बहुधा आवाज करत नाही. पाच-सहा हंगाम घेऊन गेल्यावर ती उघडी पडते. म्हणून मुलाने स्वतःला विचारावे: मला कुठली अनिश्चितता सोसते? नेमके आकडे दिल्याशिवाय झोप लागणार नाही अशी जबाबदारी मला पेलवते, की वर्षानुवर्षे "अजून नक्की नाही" असे म्हणत काम करत राहण्याचा धीर माझ्याकडे आहे? दोन्हींना हिंमत लागते. दोन्हींना गणित लागते.

हे ओळखायला परीक्षा लागत नाही. आपल्याकडे पौष-माघात शेतात पोपटी लागते. मडक्यात वालाच्या शेंगा भरतात, तोंडात भांबुर्ड्याचा पाला कोंबतात, मडके पालथे ठेवून भोवती जाळ करतात. त्या जाळाभोवती बसलेल्या मुलांचे प्रश्न ऐकावेत. एक विचारते: आत पाणी नाही तरी शेंगा शिजतात कशा, मडके पालथेच का, जाळ किती वेळ हवा? दुसरे विचारते: भांबुर्ड्याला असा वास का येतो, भात कापल्यावर पाऊस नसताना वाल नुसत्या ओलीवर येतो कसा, त्याच्या मुळांवर या गाठी कसल्या? तसेच शेवळाच्या भाजीचे. शेवळ खाजरे असते, म्हणून त्यात आंबट काकड घालतात. शेवळातले सुईसारखे स्फटिक आणि आंबटाचा त्यांच्याशी असलेला संबंध ज्या मुलीला जेवता जेवता खुणावतो, तिची वाट अर्धी ठरलेली आहे. ठाकर आणि कातकरी घरांतल्या मुलांना रानातल्या वनस्पतींची, ओढ्यातल्या मासळीची जी ओळख असते, ती शहरातल्या पदवीधराला वर्षे घालवून मिळवावी लागते. वर्गात आपण ती मुले मागच्या बाकावर बसवतो, याचे मला दुःख आहे.

आणि दोन वाटा मानल्या, तरी पुढे त्या वारंवार एकमेकींना भेटतात. पुण्यात त्या सुरुवातीला एकाच छपराखाली होत्या: तिथले अभियांत्रिकी महाविद्यालय एकेकाळी 'कॉलेज ऑफ सायन्स' होते आणि १८७९ पासून तिथेच शेतीचेही वर्ग भरत. शेतीचे स्वतंत्र महाविद्यालय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाले. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. पण ते प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले. पुण्याचे माधव गाडगीळ जीवशास्त्र शिकले, आणि हार्वर्डला त्यांनी काम केले ते गणिती परिसरशास्त्रात. पश्चिम घाटावरचा त्यांच्या समितीचा २०११ चा अहवाल आपल्या डोंगरांबद्दल आहे. प्रत्येक घरात त्यावर बोलणे व्हायला हवे. नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञान शिकून परतलेले शेतकरी. त्यांच्या भातपद्धतीत चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यावर लोखंडी साच्याने सारख्या अंतरावर छिद्रे पाडून बी टोकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू द्यायची. साचा इंजिनिअरच्या डोक्याचा, आणि मुळे राखण्याचा विचार मातीतल्या जिवांचा.

कारखान्यातही तसेच. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांत पंप, नळ, हवा सोडणारी यंत्रे इंजिनिअर बसवतो. पण घाण खाण्याचे काम कोट्यवधी जिवाणू करतात. त्यांना काय मानवते, काय मारते, हे माहीत नसेल तर यंत्रे नुसती पाणी ढवळत राहतात. पाताळगंगेच्या काठी वाढलेल्या मुलांना हे समजणे ही चैन नाही, गरज आहे.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकरवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. तिथे गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसे पावसात पायी चढली. अशा उतारावर माती किती पाणी धरते, कुठल्या झाडाची मुळे ती किती बांधून ठेवतात, पाऊस कुठल्या क्षणी धोक्याचा होतो आणि इशारा वाडीपर्यंत कसा पोहोचवायचा, या प्रश्नांना एकच पदवी पुरत नाही. त्यात भूगर्भ जाणणारा हवा, स्थापत्याचा इंजिनिअर हवा, वनस्पती जाणणारा हवा, आणि वाडीतल्या माणसाचे ऐकून घेणारा तर हवाच. ही पुस्तिका लिहिताना ती रात्र माझ्या मनातून हलली नाही. आपल्या डोंगरांना आपलीच शिकलेली मुले लागणार आहेत.

आता व्यवहाराचे थोडे; तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत. इंजिनिअरिंगला सीईटीचा पीसीएम ग्रुप लागतो. डॉक्टरकी, आयुर्वेद, पशुवैद्यक यांना नीट. पण बी.फार्म. आणि कृषीची पदवी या दोन्हींना पीसीएम किंवा पीसीबी, कुठल्याही ग्रुपने जाता येते, हे अनेक घरांत ठाऊकच नसते. दापोलीच्याच विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीही शिकवतात. पुण्याच्या आयसर या संस्थेत, जी २००६ मध्ये सुरू झाली, प्रवेशपरीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र चारही विषयांचे प्रश्न असतात. म्हणून अकरावीला माझा सल्ला एकच: झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. दोन मार्कांच्या लोभाने, किंवा वर्गात सगळे बायफोकल (व्यावसायिक विषय) घेतात म्हणून, बायो सोडू नका.

पोटापाण्याचेही स्पष्ट बोलू. इंजिनिअरला चार वर्षांनी नोकरीचे दार ठोठावता येते. साध्या बी.एस्सी.वर जीवशास्त्रात फारसे भागत नाही, एम.एस्सी. आणि त्यापुढची वर्षे धरूनच घराने हिशेब मांडावा. ज्या घराला तेवढे थांबता येत नाही त्या घराच्या मुलाला कृषी, फार्मसी, किंवा खोपोली-रसायनीच्या कारखान्यांतल्या गुणनियंत्रणाच्या प्रयोगशाळा या मधल्या वाटा आहेत. मुलींच्या आईबापांना विशेष सांगणे: २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. "मुलीवर एवढा खर्च कशाला" हे वाक्य आता तरी बंद व्हावे.

एक गोष्ट माझी स्वतःची. अकरावीला मी गणित सोडले. घरी कोणाला त्यातले कळत नव्हते, आणि ज्या महाविद्यालयात गेलो तिथे कोणी थांबवले नाही. पुढे एम.एस्सी.ला भाताच्या रोपांची मोजमापे हाती आली. कुठला फरक खरा आणि कुठला योगायोगाचा, हे ठरवायला संख्याशास्त्र लागले. ते मी रात्री जागून, अर्धेमुर्धे शिकलो. त्या वर्षी माझ्या वहीत भाताने काहीतरी सांगितले होते आणि मला ते वाचता आले नाही. त्यानंतर माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगत आलो की भीतीपोटी कुठलाच विषय सोडू नकोस.

पुढील पाने मुलांनी आणि आईबापांनी एकत्र बसून वाचावीत. पण वाचण्याआधी एक दिवस काढावा. बारावीचे पेपर संपतात तेव्हा राजनाल्याखालचे उन्हाळी भात फुलोऱ्यावर येऊ लागते. सकाळी दहाच्या सुमारास बांधावर जाऊन ती फुले उमलताना पाहा. तासाभरात ती मिटतील. दुपारी भिवपुरीकडून येणाऱ्या पाण्याच्या काठाने उलट चालत जा आणि त्याच्या वेगाकडे बघा. संध्याकाळी कर्जतच्या फलाटावर उभे राहून बँकर लागताना पाहा. सोबत आई किंवा बाबा असोत. या तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी ते म्हणतील, "चल, उशीर झाला," आणि तुझे पाय निघणार नाहीत. ते ठिकाण लक्षात ठेव, आणि मग फॉर्म भरायला बस.